मुकुट, सॅश आणि निर्माल्याची पोती

अनंत चतुर्दशीला दुपारपासून रात्रीपर्यंत मी मुठेच्या एका घाटावर निर्माल्य गोळा करणाऱ्या गटात असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या टेबलापाशी एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी येऊन उभी राहिली. शहरातल्या एका सौंदर्यस्पर्धेत ती त्या वर्षी पहिली आली होती. खांद्यावरून तिरकी सॅश, सोबत संयोजकांचा फोटोग्राफर. निर्माल्याच्या पोत्यापाशी वाकून तिचे फोटो झाले आणि फोटोग्राफर निघून गेला. आता हीसुद्धा जाईल असं मला वाटलं. तिने सेफ्टी पिन काढली, सॅशची घडी घालून जीन्सच्या खिशात कोंबली आणि हातमोजे मागितले.

शेजारी कचरावेचक मावशी हार सोडवत बसल्या होत्या. मुलीने विचारलं, "मावशी, दूर्वा कुठं टाकू?"

"दूर्वा ह्या पोत्यात. पण हाराचा दोरा तोड आधी. नायलॉनचा असतो तो, खतात कुजत नाही."

दोरा हाताने तुटेना तेव्हा तिने दातांनी तोडायचा प्रयत्न केला आणि मावशींनी तिच्या हातावर चापट मारली. रात्री साडेनऊला आम्ही पोती मोजायला घेतली तेव्हाही ती तिथेच होती.

किताब मिळाला की समाजासाठी काम करायचं, ही रीत आली कुठून, याचा शोध मी त्यानंतर घेतला. त्यात दोन वाटा सापडल्या. एक फार दूरवरून, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून येते. दुसरी इथलीच आहे आणि वयाने मोठी आहे.

अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत १९२१ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा सेवा वगैरे कुणाच्या मनात नव्हतं. सप्टेंबर लागला की उन्हाळ्याचे पर्यटक घरी परतायचे आणि किनाऱ्यावरची हॉटेलं ओस पडायची. त्यांचा मुक्काम थोडा लांबावा म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी हा सोहळा भरवला. जिंकली ती वॉशिंग्टनची मार्गारेट गोर्मन, वय वर्षे १६. पुढे तिलाच पहिली मिस अमेरिका म्हणू लागले. त्यानंतरची बरीच वर्षं विजेतीचं काम म्हणजे दुकानांची उद्घाटनं आणि जाहिराती.

हे चित्र बदललं दुसऱ्या महायुद्धात. १९४३ची मिस अमेरिका जीन बार्टेल ही कॅलिफोर्नियात शिकणारी विद्यार्थिनी. तिने गावोगाव फिरून युद्धकर्जाचे सुमारे २५ लाख डॉलरचे रोखे विकले आणि घेणाऱ्यांत बहुतेक बायकाच होत्या. या दौऱ्यात ती कॉलेजांतल्या मुलींना भेटली आणि त्या बोलण्यांतून एक कल्पना पुढे आली: विजेतीला फरचा कोट आणि सिनेमाची चाचणी देण्याऐवजी शिक्षणासाठी पैसे का देऊ नयेत? स्पर्धेच्या संचालिका लेनोरा स्लॉटर यांनी ती उचलून धरली आणि १९४५ मध्ये पाच हजार डॉलरची पहिली शिष्यवृत्ती दिली गेली.

ती मिळाली बेस मायरसनला, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती हीच. ब्राँक्समधल्या एका ज्यू रंगाऱ्याची ही मुलगी. मिस अमेरिका झालेली ती पहिली ज्यू. युरोपातल्या छळछावण्यांची छायाचित्रं जगासमोर येऊन जेमतेम काही महिने झाले होते, आणि तरी अमेरिकेत ज्यूंना प्रवेश नसलेले क्लब आणि हॉटेलं होती. मुकुट घातलेल्या बेसलाही ते दरवाजे बंदच होते. नेहमी विजेतीकडे येणाऱ्या जाहिराती तिच्याकडे आल्या नाहीत. तिने ठरलेला दौरा सोडला आणि द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेबरोबर शाळाशाळांतून बोलायला सुरुवात केली. मनात द्वेष असलेला माणूस सुंदर असू शकत नाही, हा तिच्या भाषणांचा गाभा होता. असं काम कर म्हणून तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, नियमावलीत तर त्याचा उल्लेखही नव्हता. २१ वर्षांच्या त्या मुलीने स्वतःला लागलेली ठेच इतर मुलांच्या उपयोगी आणली.

पुढची ठिणगी बाहेरून पडली. ७ सप्टेंबर १९६८ रोजी स्त्रीमुक्तीवाद्यांनी अटलांटिक सिटीत निदर्शनं केली. उंच टाचांचे बूट, कंबरपट्टे, कृत्रिम पापण्या अशा वस्तू त्यांनी एका कचरापेटीत टाकल्या. मुलींना गुरांसारखं पारखलं जातं, हा त्यांचा आक्षेप होता. तो तेव्हाही बरोबर होता आणि माझ्या मते आजही पूर्ण निकालात निघालेला नाही. संयोजकांनाही तो झटकून टाकता आला नाही, कारण विजेत्या नेमकं करतात काय, या प्रश्नाला त्यांच्याकडे धड उत्तर नव्हतं.

ते उत्तर पुन्हा एका मुलीनेच दिलं. १९८८ची मिस अमेरिका के लानी रे राफ्को ही मिशिगनमधली परिचारिका होती. आपलं सगळं वर्ष तिने परिचारिकांचं काम आणि मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा या विषयांवर बोलण्यात घालवलं. त्याचा एवढा प्रभाव पडला की १९८९ पासून प्रत्येक स्पर्धक मुलीने एक सामाजिक प्रश्न निवडावा आणि वर्षभर त्यावर काम करावं, असा नियमच झाला. १९९३ची विजेती लिआन्झा कॉर्नेट एड्सबद्दल बोलली, तेही तो शब्द घरात उच्चारायला लोक कचरत होते त्या काळात. १९९५ची हेदर व्हाइटस्टोन स्वतः कर्णबधिर होती. नियम आला की तो पाळण्यापुरतं करणाऱ्याही येतात, हे खरं. पण नियम आधी झाला आणि काम मागाहून आलं, असं मात्र नाही. क्रम उलटा आहे आणि तो लक्षात ठेवायला हवा.

इंग्लंडमधली मिस वर्ल्ड स्पर्धा एरिक मॉर्ली यांनी १९५१ मध्ये सुरू केली. त्यांच्या पत्नी ज्युलिया यांनी १९७२ साली 'ब्युटी विथ अ पर्पज' हा उपक्रम जोडला. आधी ते निधी गोळा करण्यापुरतं होतं. नंतर स्पर्धकांनी आपापल्या देशात केलेलं काम स्पर्धेतच तपासलं जाऊ लागलं. २०१७ मध्ये हरियाणाच्या मानुषी छिल्लरने किताब जिंकला तेव्हा ती वैद्यकीय शिक्षण घेत होती आणि तिचा विषय होता गावातल्या मुलींची मासिक पाळीतली स्वच्छता. फिलिपिन्समध्ये २००१ साली सुरू झालेल्या मिस अर्थ स्पर्धेने तर पर्यावरणालाच केंद्र केलं. आपल्या अमृता पत्कीने २००६ मध्ये तिथे 'मिस एअर' हा किताब मिळवला होता.

भारतात मात्र ही साखळी लागायला वेळ लागला. १९५२ मध्ये नृत्यांगना इंद्राणी रेहमान मिस युनिव्हर्सच्या पहिल्याच स्पर्धेत भारताकडून गेल्या. १९६४ मध्ये फेमिना मिस इंडिया सुरू झाली. १९६६ मध्ये रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली, हा मान मिळवणारी पहिली आशियाई. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची ही विद्यार्थिनी. किताबाच्या करारापायी तिला व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांपुढे जावं लागलं आणि इथे तिच्यावर टीका झाली. वर्ष संपताच तिने झगमगाट सोडला, शिक्षण पुरं केलं आणि डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं. १९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी जिंकल्या आणि घरोघरच्या मुली आरशासमोर प्रश्नोत्तराच्या फेरीची तालीम करू लागल्या. मीही केली आहे. पण त्या लाटेत मुकुटानंतरची वाट बहुतेकींना सिनेमाकडे जाणारी दिसत होती, वस्तीकडे जाणारी नाही.

पुण्यात ही लाट सणासुदीच्या अंगाने आली. १९८९ मध्ये पुणे फेस्टिव्हल सुरू झाला, त्यात पुढे मिस पुणे फेस्टिव्हल आली. वृत्तपत्राची श्रावणक्वीन आली, कॉलेजांच्या वार्षिक संमेलनांत 'मिस अमुक' आली. आता सोसायट्यांतही स्पर्धा असतात आणि सॅश शिवून देणारे कारागीर सहज सापडतात.

दुसरी वाट आहे ती इथल्या सेवेची, आणि तिला मुकुटाची गरज कधीच पडली नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातलं तेव्हा सावित्रीबाई फुले ६६ वर्षांच्या होत्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या मदतीने त्यांनी हडपसरजवळच्या माळरानावर दवाखाना उभारला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदनाचं काम उभं केलं आणि परिचारिकेचं काम हलकं मानलं जाण्याच्या काळात मुलींना त्याचं शिक्षण मिळवून दिलं. के लानी राफ्कोच्या कितीतरी आधी या शहराने शुश्रूषेला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी धडपड केली होती.

मग १९६९. गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष. २४ सप्टेंबरला केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पुण्याच्या कुठल्याही कॉलेजात 'एनएसएसला आहेस का?' असं विचारलं की डोळ्यांसमोर येतं ते सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर: गावच्या शाळेत सतरंजीवर झोपायचं, पहाटे थंड पाण्याने अंघोळ, बंधाऱ्याच्या कामाला रांग करून घमेली पुढे द्यायची, संध्याकाळी प्रबोधनाचं पथनाट्य. एनएसएसच्या मुलाने वर्षाला १२० तास भरायचे असतात. आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या नाना पेठ-भवानी पेठेत मुक्कामी येतात तेव्हा ही मुलं पत्रावळी उचलतात, पाणी देतात. त्याच गल्लीत कुणी वारकऱ्यांची तुटलेली चप्पल शिवतं, कुणी दाढी करून देतं, कुणी पाय चेपतं. कुणाच्या अंगावर नावाची पट्टी नसते.

घाटावरच्या मावशीही याच वाटेवरच्या. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि २००८ मध्ये तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. दारोदारचा कचरा उचलणाऱ्या बायकाच तिच्या मालक आहेत. निर्माल्यातलं काय कुजतं आणि काय नाही, हे त्यांच्याइतकं शहरात कुणाला कळत नाही.

आजच्या विजेत्या मुलीच्या वाट्याला या दोन्ही वाटा एकदम येतात आणि तिची खरी ओढाताण तिथेच होते. स्पर्धा भरवणाऱ्यांना एका दिवसात दिसेल असं काम हवं असतं. मी एका बालगृहात पाहिलंय, सॅश घातलेल्या तीन मुली येणार म्हणून पोरांना दीड तास ओळीत बसवून ठेवलं होतं. वेफर्सची पाकिटं वाटली गेली, फोटो झाले, गाडी गेली. एका पोराने मला विचारलं, "ताई, त्या परत येणार का?" मला खोटं बोलवेना. दोष त्या मुलींचा नव्हता. पुढच्या कार्यक्रमाची वेळ त्यांच्या हातात नव्हती. संयोजकांकडे माझी एकच मागणी आहे: एनएसएसच्या मुलांसारखे १२० तास विजेतीलाही लावा, आणि तेही एकाच ठिकाणी. एका शाळेत, एका वस्तीत किंवा एका रुग्णालयात. चार महिने दर शनिवारी गेलं की मुलं नावाने हाक मारू लागतात, मग त्यांना मुकुट खरा की खोटा याची पर्वा राहत नाही. आणि फोटो काढायचेच असतील तर शेवटच्या शनिवारी काढा.

सॅशचा उपयोग होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. घाटावर दरवर्षी आम्ही घसा कोरडा करून सांगतो, प्लास्टिकसकट निर्माल्य पाण्यात टाकू नका. त्या दिवशी त्या मुलीने सॅश खिशात घालण्याआधी दोन छोट्या मुली तिच्याजवळ आल्या होत्या आणि तिच्या शब्दाखातर त्यांनी वडिलांच्या हातातली पिशवी काढून घेतली होती. बेस मायरसनला शाळेच्या सभागृहात मुलांनी ऐकून घेतलं, त्यामागेही तिचा मुकुट होताच.

गेल्या वर्षी किताब दुसऱ्या मुलीकडे गेला होता. आधीच्या वर्षीची ही मुलगी दुपारी तीनलाच घाटावर आली, एकटी, साध्या कुर्त्यात. मावशींनी तिला ओळखलं आणि बसायला पोतं सरकवून दिलं. तिने पाठपिशवीतून तीन छोट्या कात्र्या काढल्या. एक मावशींना दिली, एक मला, आणि तिसरीने हारांचे दोरे कापायला बसली.