लघवीच्या गोळ्या, मीठ आणि मूत्रपिंडे

निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर सोडतात. या द्रवाबरोबर जवळपास दीड किलो मीठ सूक्ष्म नलिकांत उतरते, आणि त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक पुन्हा रक्तात शोषले जाते. मूत्रल औषधे हे शोषण काही प्रमाणात रोखतात. नलिकेत उरलेल्या मिठाच्या मागोमाग पाणी जाते, म्हणून लघवी वाढते.

१९५८ साली क्लोरोथायझाइड बाजारात येण्यापूर्वी या कामासाठी पाऱ्याच्या संयुगांची इंजेक्शने द्यावी लागत. थायझाइड गटातील औषधे नलिकेच्या शेवटाकडील भागावर काम करतात, जिथे गाळलेल्या मिठापैकी जेमतेम पाच ते आठ टक्के शोषले जाते; फ्युरोसेमाइड हे दुसरे मूत्रल औषध मात्र चौथा हिस्सा शोषणाऱ्या भागावर घाव घालते. तरीही रक्तदाबासाठी सहसा पहिल्या गटाचीच निवड होते, कारण फ्युरोसेमाइडचा जोर सहा तासांत ओसरतो आणि उरलेल्या वेळात मूत्रपिंडे गेलेले मीठ भरून काढतात. गोळी घेऊन जेवणात कैरीचे मिस्कूट (खारट लोणचे) आणि सुका बांगडा नेहमीचाच राहिला, तर दिवसअखेर हिशेब जवळपास शून्यावर येऊ शकतो.

थायझाइडचा परिणाम केवळ लघवी वाढण्यावर अवलंबून नाही. काही आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण बरेचसे पूर्ववत होते, पण बारीक रोहिण्या सैलावल्यामुळे रक्तदाब खालीच राहतो. त्या का सैलावतात, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. त्यामुळे ‘आता पूर्वीसारखी लघवी होत नाही’ म्हणून गोळी सोडणे चुकीचे ठरते.

औषध सुरू झाल्यावर तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) थोडे वाढले की घरात डायलिसिसची चर्चा सुरू होते. दाब उतरल्याने गाळण्याचा वेग किंचित मंदावतो आणि आकडा वर सरकतो. अशी अल्प, स्थिर वाढ म्हणजे मूत्रपिंडाला इजा झाली, असे नव्हे. एके काळी मूत्रपिंडे बरीच निकामी झालेल्या रुग्णांत थायझाइड निरुपयोगी मानत, परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा १६० रुग्णांपैकी क्लोरथॅलिडोन हे थायझाइडसारखे औषध घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब बारा आठवड्यांत साधारण ११ अंकांनी उतरला. मात्र क्रिएटिनिन वाढतच राहिले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

खरा धोका वेगळ्याच वेळी येतो. जुलाब-उलट्या होत असताना, किंवा मे महिन्यात दिवसभर घाम गाळून अंगातले पाणी आटलेले असताना, लघवीची गोळी, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे औषध आणि फार्मसीतून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी एकत्र आली, तर गाळणीतला दाब कोसळून मूत्रपिंडे अचानक मंदावू शकतात. अशा दिवसांत कोणती गोळी थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावे. गुडघेदुखीसाठी सर्रास वेदनाशामके घेणाऱ्या ज्येष्ठांनी तर नक्कीच.

थायझाइडमुळे सोडियम आणि पोटॅशियम घटू शकते, युरिक ॲसिड वाढून संधिवाताचा झटका येऊ शकतो. म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांत रक्ततपासणी आवश्यक असते. स्पायरोनोलॅक्टोन या आणखी एका मूत्रल औषधाची गोष्ट उलटी आहे: ते पोटॅशियम शरीरातच राखते. मूत्रपिंडे आधीच कमकुवत असतील, तर या गोळीबरोबर रोजचे शहाळे किंवा पोटॅशियम असलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते.