दुसरा अटॅक टाळायचे उपचार लवकर का सुरू करतात, त्यामागची गोष्ट

आता अटॅकचा पेशंट घरी जायच्या आधीच कोलेस्टेरॉलची गोळी, ॲस्पिरिन, बीपीची गोळी सगळं सुरू झालेलं असतं, पण एके काळी अटॅक आला की कित्येक आठवडे पलंगावर पडून राहायचं हाच मुख्य उपचार होता. 1952 मध्ये लेव्हाईन आणि लाऊन या डॉक्टरांनी पेशंटला लवकर खुर्चीत बसवा म्हटलं, तेच तेव्हा धाडसाचं वाटलं.

अटॅक येतो कशामुळे हे शोधायला अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये 1948 ला 5209 लोकांचा अभ्यास सुरू झाला, आणि 1961 च्या त्यांच्या रिपोर्टनंतर बीपी, कोलेस्टेरॉल यांना रिस्क फॅक्टर म्हणायची पद्धत पडली. पण रिस्क कळणं वेगळं आणि ती कमी केली की माणूस खरंच वाचतो हे दाखवणं वेगळं, त्याला अजून बरीच वर्षं लागली. 1981 ला बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारी गोळी), 1988 ला ॲस्पिरिन (अटॅक आल्या आल्या सुरू केलेली) यांचा फायदा मोठ्या ट्रायलमध्ये दिसला. कोलेस्टेरॉलवर मात्र वाद चालूच राहिला, तो 1994 च्या स्कँडिनेव्हियन ट्रायलने मिटवला. आधी अटॅक किंवा अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) झालेले 4444 पेशंट, त्यातले निम्मे सिम्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर, निम्मे नकली गोळीवर, आणि साधारण साडेपाच वर्षांत मृत्यू नकली गोळीवाल्यांत 256, सिम्वास्टॅटिनवाल्यांत 182.

पण यात एक गोष्ट राहून जाते आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या ट्रायलमध्ये नुकताच अटॅक आलेले पेशंट घेतलेच नव्हते, निदान सहा महिने झालेले हवे होते, आणि दुसऱ्या अटॅकचा धोका तर पहिल्या काही महिन्यांतच जास्त असतो! म्हणून मग 2001 मध्ये चार दिवसांच्या आत आणि 2004 मध्ये दहा दिवसांच्या आत ॲटोर्वास्टॅटिन ही त्याच प्रकारची गोळी 80 मिलीग्रॅम देऊन बघितलं. 2004 वाल्यात 4162 पेशंट होते, त्यात जास्त जोरदार गोळीवाल्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल, मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) 62 पर्यंत उतरलं, साध्या डोसवाल्यांचं 95, आणि पुढचा त्रास (मृत्यू, परत अटॅक वगैरे) पहिल्यांना 16 टक्क्यांनी कमी झाला.

स्टेंट टाकला म्हणजे काम झालं असं समजून गोळ्या बंद करणारे बघितले की खूप वाईट वाटतं, कारण स्टेंट एका जागचा ब्लॉक उघडतो, बाकीच्या रक्तवाहिन्यांतली चरबी तशीच असते. युरोपच्या 2019 च्या गाईडलाईनने अटॅक येऊन गेलेल्या पेशंटसाठी एलडीएल 55 च्या खाली सांगितलंय, आणि अटॅकनंतर चार ते सहा आठवड्यांनी परत रक्त तपासून डोस पुरतोय का ते बघायचं.