आळशी ठरवलेल्या गावांचा आजार: पोटातल्या जंतांचा इतिहास

१९०२ च्या डिसेंबरात अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइल्स यांनी वॉशिंग्टनमधल्या एका आरोग्य परिषदेत एक महत्त्वाची गोष्ट मांडली. दक्षिणेकडच्या राज्यांतली गरीब शेतकरी माणसं फिकट, थकलेली, कामात मंद दिसतात, कारण त्यांच्या आतड्यांत रक्त पिणारे जंत आहेत. लगेच न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने 'आळसाचा जंतू' सापडल्याचा मथळा दिला. स्टाइल्स सांगत होते की ही माणसं आजारी आहेत. लोकांच्या लक्षात राहिला तो आळस. गावोगावच्या जंतांचा इतिहास वाचताना हा मथळा मला फार खटकतो, कारण हा आजार जडतो तोच मुळी कष्टातून. शेतात, मळ्यात, खाणीत अनवाणी उभं राहून काम करणाऱ्यांना तो होतो.

मातीतून माणसाच्या पोटात जाणारे जंत मुख्यतः तीन प्रकारचे. गोल जंत वीतभर किंवा त्याहून लांब असतो आणि त्याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. चाबूककृमी त्याहून बराच लहान. तिसरा अंकुशकृमी. तो जेमतेम सेंटीमीटरभर असतो, पण खेड्यांचं सर्वांत जास्त नुकसान बहुधा त्यानेच केलं. विष्ठेतली त्याची अंडी दमट, सावलीच्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळी माणसाच्या अंगात शिरायला तयार होते. ती पायाच्या कातडीतून आत जाते, रक्तातून फुप्फुसात पोचते, श्वासनलिकेतून वर घशात येते, गिळली जाते आणि आतड्याला चिकटते. मग वर्षानुवर्षं रक्त पीत राहते. एका जातीचा जंत दिवसाला सुमारे ०.०३ मिलीलिटर रक्त घालवतो, दुसऱ्या जातीचा ०.१५ च्या आसपास किंवा थोडं जास्त. आकडे किरकोळ वाटतात. पण या दुसऱ्या जातीचे शंभर जंत पोटात असले, तर महिन्याकाठी जवळपास अर्धा लिटर रक्त जातं. अशा माणसाला चढ चढताना धाप लागणारच.

जंत माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहेत. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास इजिप्तमध्ये लिहिलेल्या एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथात त्यांच्यावरचे उपाय आहेत. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि उपचाराचे तीन टप्पे दिले आहेत: कृमी बाहेर काढणं, त्यांना पोसणारी स्थिती मोडणं, आणि मूळ कारण टाळणं. यातला तिसरा टप्पाच आजवर सर्वांत अवघड ठरला आहे.

डोळ्यांना दिसणारा गोल जंत सगळ्यांना माहीत होता, अंकुशकृमी मात्र लपून राहिला. १८३८ साली मिलानमध्ये अँजेलो दुबिनी या डॉक्टरला एका शेतकरी बाईच्या शवविच्छेदनात तो प्रथम सापडला. १८५४ मध्ये कैरोत विल्हेल्म ग्रीसिंगर यांनी तिथल्या रक्तक्षयाचा संबंध या जंताशी जोडला. तरीही युरोपातल्या डॉक्टरांना त्याचं गांभीर्य पटायला आल्प्स पोखरावा लागला. १८७२ ते १८८२ या काळात खणलेल्या, सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड बोगद्यात मजूर पांढरेफटक पडू लागले, त्यांच्यातले काही दगावले. १८८० मध्ये त्यांच्या पोटात हेच जंत आढळले. बाहेर बर्फ, पण आत ऊब, ओल, काळोख आणि शौचाची कसलीही सोय नाही. उष्ण प्रदेशातल्या जंताला लागतं ते सगळं माणसाने डोंगराच्या पोटात तयार करून दिलं होतं. पुढे जर्मनीत आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींतही तेच घडलं. जर्मन खाणींत मजुरांची विष्ठा तपासली गेली, खाली शौचाची भांडी ठेवली गेली आणि आजार आटोक्यात आला. खाणीची जमीन एका मालकाच्या ताब्यात असते. ती स्वच्छ ठेवायची की नाही हे तो ठरवू शकतो. गावच्या शेतशिवाराला असा एकच मालक नसतो.

अळी कातडीतून शिरते हे कळलं ते अपघाताने. १८९८ मध्ये कैरोत आर्थर लूस प्रयोग करत असताना अळ्या असलेलं पाणी त्यांच्या हातावर सांडलं. तिथे खाज सुटली, कातडी लाल झाली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच विष्ठेत अंडी दिसली. सहकाऱ्यांना पटवून द्यायला त्यांना बराच झगडा करावा लागला. पायांच्या बोटांमधली ती खाज शेतमजुरांच्या इतकी सवयीची होती, की तिच्यातून पोटाचा आजार सुरू होतो हे कुणाच्या मनात येणंच कठीण होतं.

पोर्तो रिकोमधला प्रसंग मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८९९ च्या ऑगस्टमध्ये तिथे मोठं चक्रीवादळ झालं आणि डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यांवरचे मजूर खाली छावण्यांत आले. बेली ॲशफोर्ड या तरुण लष्करी डॉक्टरने पाहिलं, की बहुतेक जण फिकुटले आहेत. त्यांच्या पोटात अन्न नाही, हेच कारण असणार असं त्याला आधी वाटलं. सकस जेवण देऊनही रक्त भरेना. तेव्हा त्याने विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि अंडी दिसली. कॉफीची झाडं सावलीत वाढतात, तिथली जमीन ओली असते, आणि तोडणी करणारे दिवसभर त्याच मातीत अनवाणी वावरतात. १९०४ पासून तिथे सरकारी मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत सुमारे तीन लाख लोकांना थायमॉल हे जंतांवरचं औषध दिलं गेलं. रक्तक्षयाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. औषध घेतलेली माणसं मात्र पुन्हा त्याच मळ्यात, त्याच मातीत उतरत होती.

१९०९ मध्ये जॉन रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातली ११ राज्यं मोहिमेखाली आली. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के बाधित निघाली. गावोगावी फिरती उपचार केंद्रं उभी राहिली. लोक दुरून येत, सूक्ष्मदर्शकातून स्वतःच्या पोटातल्या जंतांची अंडी बघत, थायमॉल आणि जुलाबाचं मीठ घेत. आरोग्यशिक्षणाचं इतकं मोठं काम त्याआधी क्वचितच झालं असेल. पण संडास बांधण्याचं काम औषधवाटपाच्या फार मागे राहिलं. औषध एका दिवसात देता येतं. संडासाला जागा, पैसा, पाणी आणि घरातल्या प्रत्येकाची सवय बदलणं लागतं. ती मोहीम पाच-सहा वर्षांत आटोपली, आणि नंतर हेच काम इतर देशांत गेलं. सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) मळ्यांत ते १९१६ च्या सुमारास पोचलं.

१९२१ मध्ये त्रिनिदादला विल्यम कॉर्ट यांनी मातीतल्या अळ्यांचा पाठलाग केला. अळी आडवी फार दूर जात नाही, जिथे विष्ठा पडली तिथेच ती राहते, असं त्यांना दिसलं. म्हणजे सगळं शेत सारखं धोक्याचं नसतं. जिथे माणसं आडोसा बघून रोज जातात, तिथेच अळ्या साठतात आणि तिथेच पुन्हा पाय पडतात. बायकांना तर अंधार आणि आडोसा दोन्ही बघावे लागतात, म्हणून त्यांच्या जागा आणखीच ठरलेल्या. 'मोकळ्या हवेत काय बिघडतं' या युक्तिवादाला याहून सरळ उत्तर नाही.

गोल जंताचा मार्ग निराळा. त्याची अंडी हाताला लागलेल्या मातीतून आणि न धुतलेल्या भाजीतून तोंडात जातात. पोटात फुटलेल्या अळ्या फुप्फुसांतून फिरून येतात हे जपानच्या कोइनो यांनी १९२२ मध्ये स्वतः दोन हजार अंडी गिळून दाखवलं. त्यांना न्यूमोनिया झाला आणि थुंकीत अळ्या आल्या. पूर्व आशियात शेताला सोनखत, म्हणजे माणसाच्या विष्ठेचं खत, घालण्याची पद्धत होती, त्यामुळे हा जंत घरोघरी होता. १९६३ मध्ये दक्षिण कोरियात नऊ वर्षांची एक मुलगी दगावली, तिच्या पोटातून हजाराच्या वर जंत निघाले. तीन वर्षांनी तिथे कायदा झाला आणि शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करून बाधितांना जंतांची गोळी देणं सुरू झालं. १९७१ मध्ये निम्म्याहून अधिक लोकांत असलेला गोल जंत १९९२ पर्यंत जवळपास नाहीसा झाला. त्याच काळात रासायनिक खतं आली, संडास आले, घरं बदलली. तरीही श्रेय एकट्या गोळीला दिलं जातं, ते मला पटत नाही.

गोळीमुळे सोय झाली हे मात्र खरं. थायमॉल आणि कार्बन टेट्राक्लोराइडसारखी जहाल औषधं मागे पडली, मेबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल आली, एका मात्रेत काम होऊ लागलं. २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने शाळकरी वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना नियमित औषध देण्याचं उद्दिष्ट ठरवलं. पण एका मात्रेत गोल जंत जितका हमखास जातो, तितका अंकुशकृमी जात नाही आणि चाबूककृमी तर बहुतेकदा टिकूनच राहतो. सरसकट औषध दिल्याने मुलांची वाढ आणि शिक्षण किती सुधारतं यावर संशोधकांत आजही कडाक्याचा वाद आहे. संडास बांधल्यानेही आपोआप सुटका होत नाही. ओडिशातल्या खेड्यांमधल्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संडास असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली, पण जंतांचं प्रमाण घटलं नाही. बांधलेले सगळे संडास सगळे जण वापरत नव्हते.

शाळेत औषध देण्यामागे एक कारण होतं. गोल जंत आणि चाबूककृमी मुलांमध्ये सर्वाधिक असतात आणि मुलं वर्गात एकत्र सापडतात. अंकुशकृमीचा भार मात्र वयाबरोबर वाढत जातो आणि मोठ्या माणसांतही तसाच राहतो. शाळेपुरती मोहीम शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. मासिक पाळी आणि बाळंतपणामुळे तिचं रक्त आधीच कमी असतं. केनियात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत फक्त शाळेत औषध देणं आणि गावातल्या प्रत्येक घरी देणं यांची तुलना झाली. घरोघर दिल्यावर अंकुशकृमी स्पष्टपणे जास्त घटला. जागतिक आरोग्य संघटना आता प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांना, आणि पहिले तीन महिने उलटलेल्या गर्भवतींनाही, औषध देण्याची शिफारस करते. अनेक देशांत मात्र औषधाचा मोठा वाटा अजूनही शाळेच्या फाटकाच्या आतच जातो.