बत्तीस वेळा चावण्यामागची गोष्ट

एक घास बत्तीस वेळा चावावा, हे बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं असतं. दात बत्तीस म्हणून चावणंही बत्तीस, याहून मोठा आधार त्या आकड्याला नाही. ब्रिटनचे एकेकाळचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नावावर हा नियम सांगितला जातो. त्याचा पंथ केला तो मात्र होरेस फ्लेचर (१८४९-१९१९) या अमेरिकी व्यापाऱ्याने.

वजन फार म्हणून विमा कंपनीने फ्लेचरला नाकारलं आणि त्याने चावण्याचा ध्यास घेतला. घासाचं तोंडातच पाणी व्हायला हवं, उरलेला चोथा थुंकून टाकायचा. दूध आणि सूपसुद्धा ‘चावायचं’! वजन उतरलं, तसा तो गावोगाव व्याख्यानं देत सुटला. काफ्कासारखा लेखकही त्याच्या नादी लागला. मुलाचं ते चर्वण बघवेना म्हणून वडील जेवताना वर्तमानपत्राआड तोंड लपवत.

फ्लेचरला निव्वळ विक्षिप्त म्हणून सोडून देता येत नाही. १९०३च्या सुमारास येल विद्यापीठात शरीररसायनशास्त्रज्ञ रसेल चिटेंडन यांनी त्याची तपासणी केली. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस अगदी कमी प्रथिनं खाऊनही व्यायामाच्या चाचण्यांत दमदार ठरला. चिटेंडन यांनी मात्र त्यातून प्रथिनांच्या गरजेचा धागा उचलला, चावण्याचा नाही. मला तरी हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

लाळ पिष्टाची साखर करते, हे जर्मन संशोधक लॉयक्स यांनी १८३१मध्येच दाखवलं होतं. पण जठरातलं आम्ल लागलं की लाळेतलं अमायलेज हे पाचक विकर थंडावतं आणि बाकीचं पिष्ट लहान आतड्यात पचतं. म्हणजे चावण्याचा खरा फायदा दुसरीकडेच शोधायला हवा. चीनमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांनी प्रत्येक घास १५ ऐवजी ४० वेळा चावला, तेव्हा त्यांच्या जेवणातली ऊर्जा जवळपास १२ टक्क्यांनी घटली. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरकही कमी आढळलं.

बदामांवरच्या २००९च्या प्रयोगाने मात्र फ्लेचरला कोड्यात टाकलं असतं. चाळीस वेळा चावल्यावर भूक जास्त शमली खरी. पण दहाच वेळा चावून गिळलेल्या बदामांतली चरबी पेशींत अडकून जास्त प्रमाणात मलावाटे निघून गेली. बारीक चावणाऱ्याच्या अंगी तेवढ्याच बदामांतून जास्त उष्मांक लागले.