गाढवाला लागत नाही, की बाधत नाही?

माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारातून गाढवांच्या बाजूला वळलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "घोड्याला जपावं लागतं, गाढवाला काय होतंय?" वीटभट्टीवर तेच. गोदावरीकाठी गाढवांवर वाळू वाहणाऱ्यांकडे तेच. अलीकडे मोबाइलवर ते "गाढवाच्या जीनमध्येच इम्युनिटी असते" असं फिरतं आणि शिकलेली माणसंही मान डोलावतात. जनावरांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. या एका गैरसमजापायी चांगली जनावरं गेलेली पाहिली, म्हणून एकदा नीट लिहितो.

घोडा तुम्हाला ठाऊक आहे. पोटात कळ आली की लोळतो, ताप आला की मान टाकतो, वैरणीकडे पाहत नाही. त्याच्यावर वेळ घालवत नाही. गाढव मात्र लांब कानांचा घोडा नव्हे. दोघांच्या वाटा सुमारे चाळीस लाख वर्षांपूर्वी फुटल्या. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. एवढं पुरे, खरा घोळ पुढे आहे.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, लागणे आणि बाधणे. रोग लागला नाही म्हणजे जंतूला अंगात थाराच मिळाला नाही, किंवा शिरला तरी त्याची संख्या वाढू दिली नाही. रोग बाधला नाही म्हणजे जंतू अंगात आहे, वाढतोय, बाहेरही पडतोय, पण जनावराचं बिघडत नाही. गोठ्यात उभं राहून पाहिलं तर दोन्ही जनावरं सारखीच धडधाकट. शेजारी बांधलेल्या घोडीसाठी मात्र पहिलं निर्धोक आणि दुसरं धोक्याचं.

हे शरीरात कसं घडतं ते रानातल्या माचाणावरून समजून घ्या. रात्री डुक्कर शिरलं की माचाणावरचा जागल्या हाक देतो आणि आजूबाजूच्या शेतांतली माणसं काठ्या घेऊन धावतात. पेशींवर असे जागल्ये असतात, त्यांना टोल-लाइक रिसेप्टर (टीएलआर) म्हणतात. टीएलआर ४ हा जागल्या काही जीवाणूंच्या बाह्य आवरणातलं विष ओळखतो. त्यानंतरची हाक म्हणजे इंटरल्युकिन, टीएनएफ यांसारखी निरोप्या प्रथिनं. हाक वेळेवर गेली तर डुक्कर बांधावरच अडतं. हाक गरजेपेक्षा मोठी झाली तर धावून आलेली माणसंच ज्वारी तुडवतात, आणि सकाळी नुकसान पाहून सगळे डुकराला बोल लावतात. घोडा त्या जीवाणूविषाला फार हळवा आहे. पोटशूळात आतड्याचं अस्तर फाटून विष रक्तात उतरलं, की त्याचं पुढचं बरंचसं नुकसान या अतिमोठ्या हाकेनंच होतं.

म्हणजे निरोगी राहायच्या वाटा दोन: डुक्कर बांधावर अडवणं, किंवा ते रानात असताना पीक तुडवू न देणं. आपण पहिल्या वाटेला प्रतिकार म्हणू, दुसरीला सोसणं.

एक घोडी होती, पावसाळ्यापासून खोकत होती. बाहेरून दिलेली अँटिबायोटिक झाली, काढेही झाले. शेजारी दोन गाढवं, चकचकीत, एकदाही न खोकलेली. मालक म्हणाला, "गाढवांना काही नाही, घोडीचंच बघा." मी घोडीची लीद तपासली, काही मिळालं नाही. मग गाढवांची ताजी लीद जाळीदार कापडात बांधून रात्रभर कोमट पाण्यात लटकवली. सकाळी तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर बारीक अळ्या वळवळत होत्या. फुफ्फुसातला जंत. गाढव त्याचा जुना यजमान: जंत त्याच्यात पूर्ण वाढतो, अळ्या लिदीवाटे चराईत पडतात, आणि गाढव बहुधा खोकतही नाही. घोड्यात तोच जंत सहसा पुरा वाढत नाही, म्हणून लिदीत सापडत नाही, पण श्वासनलिका बिघडवतो. तिघांनाही जंतनाशक दिलं, तेव्हा खोकला थांबला. त्या गाढवांना रोग लागलेला होता. बाधत नव्हता, इतकंच.

आता उलट उदाहरण. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू प्रयोगात गाढवांना टोचला, तेव्हा त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली, पण विषाणूचं प्रमाण घोड्यांच्या तुलनेत फारच कमी राहिलं आणि गाढवं आजारी पडली नाहीत. हा प्रतिकार. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ही गाढवं आणि खोकणाऱ्या घोडीशेजारची गाढवं एकसारखीच दिसतील.

म्हणून "जीनमध्ये फरक सापडला" एवढ्यावर उड्या मारणाऱ्यांचा मला राग येतो. जीन म्हणजे जनुक, पेशीतली प्रथिनं घडवायची लिखित कृती; जागल्याच्या जनुकाची अक्षरं वाचून त्याचा कान वेगळा आहे हे कळतं. तो डुक्कर अडवतो की हाक आवरती घेतो हे कळत नाही. त्यासाठी रक्तातले, लिदीतले जंतू मोजावे लागतात. टोल-लाइक रिसेप्टरचा बाहेरचा, जंतूला भिडणारा भाग अक्षरांच्या बदलांनी भरलेला असतो; आतला निरोप पुढे ढकलणारा भाग बराचसा जसाच्या तसा टिकलेला. शिवाय प्रत्येक अक्षरबदलाने प्रथिन बदलतंच असं नाही. आणि सगळ्या गाढवांत एक, सगळ्या घोड्यांत दुसरं अक्षर असणं वेगळं. गाढवागाढवांत दोन्ही सापडणं वेगळं. एका भट्टीवरची पाच गाढवं तपासून "गाढवाचा जीन" ठरवू नये. ती पाचही एकाच गाढवीची असू शकतात.

आफ्रिकन हॉर्स सिकनेस या विषाणूजन्य रोगाचे आकडे नेहमी पुढे केले जातात: घोड्यांत मृत्यू ७० ते ९५ टक्के, खेचरांत सुमारे ५०, गाढवांत १० च्या आसपास. चिलटांवाटे पसरणारा हा रोग १९६० च्या सुमारास भारतातही येऊन गेला. खेचराला निम्मी जनुकं घोडीची, निम्मी गाढवाची, आणि मृत्यूही मधोमध. मला हे फार बोलकं वाटतं. पण मृत्यूचा आकडा लागण सांगत नाही. गाढवाच्या रक्तातही तो विषाणू काही दिवस असतो, आणि चिलटाला तेवढं पुरतं.

चिवटपणाची ही गोष्ट सगळ्या रोगांना लावायची असेल तर ग्लँडर्स हा जीवाणूंचा रोग आठवा. २००६ साली महाराष्ट्रातच त्याने पुन्हा डोकं वर काढलं. घोड्यात तो अनेकदा महिनोन्‌महिने रेंगाळतो. गाढव आणि खेचर मात्र तीव्र रूपात थोड्या दिवसांत जातात. माणसालाही तो लागतो. नाकातून चिकट पिवळट स्राव असलेल्या गाढवाला "सर्दी आहे, गाढवाला काय होतंय" म्हणून उघड्या हातांनी पुसू नका.

आणखी एक, ज्याचा जनुकांशी संबंध कमी आणि माझ्या मनस्तापाशी जास्त: गाढव दुखणं दाखवत नाही. घोडा लोळतो त्या वेदनेत गाढव नुसतं गप्प उभं राहतं, कान जरा मागे, खाणं बंद. खाणं सुटलं की त्याच्या अंगची चरबी रक्तात उतरते आणि दोन-तीन दिवसांत ते जिवावर बेततं. म्हणून मी भट्टीवर गेलो की आधी मालकाला विचारतो, "सकाळी कडबा खाल्ला का यानं?" "उभं आहे की चांगलं," असं उत्तर आलं, की मी बॅग उघडतो.