घरच्यांसाठी सिगरेट सोडायचीय? मग कारण आजचं शोधा

"पोरांसाठी तरी सोड रे" हे सिगरेट ओढणाऱ्या जवळपास प्रत्येकानं ऐकलेलं असतं, आणि पोरांवर जीव नाही म्हणून तो ओढतो असं कुणी समजू नये. जीव असतोच, पण तलफ आली की मेंदूत वेगळंच चालू होतं. झुरका मारल्यावर 10 ते 20 सेकंदात निकोटिन मेंदूत पोचतं, तिथल्या रिसेप्टरला (पेशींवरच्या ग्राहक जागांना) चिकटतं आणि डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. रोज ओढणाऱ्यात हे रिसेप्टर वाढलेले असतात आणि रक्तातलं निकोटिन साधारण 2 तासात निम्म्यावर येतं, मग चिडचिड, बेचैनी, कशात लक्ष नाही. अशा वेळी "म्हातारपणी नातवंडांशी खेळायचंय" हा विचार कितीही खरा असला तरी टिकत नाही, कारण लांबचा फायदा मेंदूला छोटाच वाटतो.

म्हणून मला वाटतं कारण घरचंच असू द्या, पण आजचं असू द्या. आणि तसं कारण आहे.

1981 साली जपानचे संशोधक ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही न ओढणाऱ्या 91,540 बायकांचा 14 वर्षांचा अभ्यास छापला. ज्यांचे नवरे जास्त ओढायचे त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि नवऱ्याच्या सिगरेटी जितक्या जास्त तितका बायकोचा धोका जास्त. तंबाखू कंपन्यांनी यावर भरपूर धुरळा उडवला पण पुढच्या अभ्यासांनी तेच दाखवलं. लहान मुलांचं तर आणखी वाईट, त्यांचा श्वास भरभर चालतो, श्वासनलिका बारीक असतात, त्यामुळे दम्याचे अटॅक, कान फुटणं, न्यूमोनिया हे सगळं आत्ताच होतं, वीस वर्षांनी नाही. खिडकी उघडून किंवा दुसऱ्या खोलीत ओढून हे पूर्ण टळत नाही. बाहेर ओढून आलात तरी धुराचा अंश शर्टवर, केसात, बोटांवर येतोच आणि घरात पडदे-सोफ्यावर बसलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस ॲसिडशी मिळून कॅन्सर करणारी रसायनं बनवतं. रांगणारं मूल ते सगळं हातानं पुसून तोंडात घालतं.

आता घरच्यांना एक विनंती, रडारड आणि शपथा घालणं थांबवा. बाहेरून लादलेल्या कारणापेक्षा माणसाला स्वतःला पटलेलं कारण जास्त टिकतं हे संशोधनात वारंवार दिसलंय. त्यामुळे ज्याला सोडायचीय त्यानं स्वतःच बसून नेमकं लिहावं, "कुटुंबाची तब्येत" असं मोघम नको, "छोटीची रात्रीची खोकल्याची उबळ" असं. आणि त्यालाच जोडून ठरवावं की तलफ आली की मी अमुक करणार, पाणी पिणार, चालायला जाणार, तिच्याशी फोनवर बोलणार. तलफेची लाट बहुतेक वेळा काही मिनिटात ओसरते, तेवढं निभावलं की झालं.

फक्त इच्छाशक्तीवर मात्र सोडू नका प्लीज. निकोटिनचा च्युइंगगम, पॅच, तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनसारखी गोळी, समुपदेशन यानं यश मिळण्याची शक्यता खरंच वाढते, डॉक्टरांना विचारून घ्या. पहिले 2-3 दिवस सगळ्यात जड जातात, बाकीचा त्रास साधारण 2 ते 4 आठवड्यात उतरतो, तेव्हा सोडायची तारीख घरात आधीच सांगून ठेवा म्हणजे तुमच्या चिडचिडीचं कुणी मनाला लावून घेणार नाही.