कळसूबाईपेक्षा उंच नैरोबी आणि डासांच्या वेळा

जुलैत केनियातल्या नैरोबीला उतरलेला मराठी प्रवासी बॅगेतून सगळ्यात आधी स्वेटर काढतो. आफ्रिका म्हणजे रखरखाट ही समजूत विमानतळाबाहेरच्या पहिल्या झुळकीला गळून पडते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे, म्हणजे १,६४६ मीटरच्या आपल्या कळसूबाईहूनही उंच. 'एवढ्या थंडीत कसला आलाय मलेरिया!' असं गटातलं कुणीतरी तिथेच म्हणून टाकतं. नैरोबीपुरतं त्याचं फारसं चुकत नाही. पुढच्या प्रवासाबाबत मात्र चुकतं.

थंडीचा आणि मलेरियाचा संबंध डासाच्या पोटात आहे. रुग्णाच्या रक्तातून गेलेला परजीवी डासाला लगेच दुसऱ्याच्या अंगात सोडता येत नाही. आधी तो पोटाच्या भिंतीवर बारीक गाठींच्या रूपात वाढतो. त्या फुटल्या की नवे जीव लाळग्रंथींपर्यंत पोचतात आणि तेव्हा कुठे तो चावा धोकादायक होतो. या गाठी रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. २५ अंशांच्या आसपास या सगळ्याला दीड-दोन आठवडे लागतात. हवा गार झाली की काम रेंगाळतं आणि आफ्रिकेतला जीवघेणा फाल्सिपॅरम हा परजीवी तर सुमारे १८ अंशांखाली वाढायचाच थांबतो. डासाच्या मादीचं आयुष्य मुळात काही आठवड्यांचं, त्यामुळे गार गावात परजीवी तयार होण्याआधी तीच मरते. मलेरिया पसरवतात त्या डासांमधल्या म्हाताऱ्या!

म्हणून नैरोबीत धोका कमी. पण सहल नैरोबीत थांबत नाही. सफारीचं जंगल मसाईमारा १,५०० ते २,१०० मीटरच्या पट्ट्यात आहे. तिथे रात्री ब्लँकेट लागत असलं तरी दुपारी ऊन चांगलं तापतं, आणि मलेरिया आहे. सहलीला मोम्बासा किंवा डियानीचा किनारा जोडला असेल, तर समुद्रसपाटीवरची ती दमट हवा म्हणजे परजीवीला उबवणीचं यंत्रच. एका आठवड्याच्या प्रवासात धोका असा खालीवर होत राहतो, आणि सामान भरताना नेमका याचाच विचार होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मलेरियाचा अ‍ॅनॉफिलीस डास रात्रीचा. त्याचा जोर मध्यरात्रीनंतर, आपण गाढ झोपेत असताना असतो. डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस मात्र दिवसाढवळ्या चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताआधीच्या दोन तासांत. म्हणजे हॉटेलच्या बागेत चहा घेताना, पोहण्याच्या तलावाशी. तो घोंगावून फारसा त्रास देत नाही, टेबलाखालून घोटे गाठतो. रात्री मच्छरदाणी लावली की झालं, असं मानणाऱ्याला एडिस दिवसा चावतो. संध्याकाळी क्रीम चोपडून तसंच झोपणाऱ्याला अ‍ॅनॉफिलीस पहाटे चावतो, कारण तोवर क्रीमचा असर उतरलेला असतो.

मादीला आपला पत्ता कसा लागतो, तेही पाहू. श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला लांबून जाणवतो. त्या धाग्याने ती जवळ येते, मग घामातली आम्लं आणि अंगाची ऊब तिला त्वचेपर्यंत आणते. सोंड म्हणून आपण जी एक सुई समजतो, तिच्यात सहा बारीक अवजारं असतात. त्यांतली दोन करवतीसारखी दातेरी असतात, ती कातडी चिरत जातात. दोन ती चीर उघडी धरतात, एका नळीने लाळ आत जाते आणि एकीने रक्त वर येतं. परजीवी किंवा विषाणू येतो तो त्या लाळेबरोबर. लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि नंतरची खाजही तिचीच देणगी.

अंगाला लावायचं औषध या पत्ता शोधण्यातच घोळ घालतं. डीट हे रसायन अमेरिकी लष्करासाठी १९४० च्या दशकात तयार झालं आणि अजून ते पहिल्या रांगेत आहे. बाटलीवरचा टक्का ताकदीचा नसतो, टिकण्याचा असतो: १० टक्के असेल तर साधारण दोन तास, २० ते ३० टक्के असेल तर बरेच तास आणि ५० टक्क्यांच्या वर गेलात तर फारसा जास्त फायदा नाही. पिकारिडिनही तितकंच कामाचं, शिवाय त्याला वास नाही आणि ते प्लॅस्टिक खात नाही. डीट खातं. माझ्या गॉगलच्या काडीवर अंगठ्याचा ठसा कायमचा कोरला गेलाय, तो डीट लावलेल्या हाताने गॉगल सारखा केल्याचा. लावायचा क्रम लक्षात ठेवा: आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डीट. लहान मुलांच्या तळहाताला लावू नका, तोंडात जातो. आणि घोटे विसरू नका.

मनगटातले सुगंधी पट्टे, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची यंत्रं, लसणाच्या पाकळ्या यांच्यावर पैसे घालवू नका. भिंतीत खोचायच्या लिक्विडच्या बाटलीची गोष्ट आणखी गमतीची आहे. घरून ती हमखास नेली जाते. पण केनियात ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन खिळ्यांची पिन चालते आणि आपलं यंत्र तिथे बसत नाही. अडॅप्टर नेलात तरी मसाईमारातल्या बऱ्याच तंबूंमध्ये जनरेटर संध्याकाळी काही तास चालतो आणि रात्री बंद होतो. अ‍ॅनॉफिलीसची पाळी सुरू होते आणि आपलं यंत्र विझतं.

तिथे खरी भिस्त मच्छरदाणीवर. स्वाहिलीत तिला 'चांदारुआ' म्हणतात, ऐकून आपला चांदवाच आठवतो. दिवसभर ती वर गाठ मारून ठेवलेली असते. संध्याकाळी जेवायला जाण्याआधी ती सोडून कडा गादीखाली खोचून टाका, झोपायच्या वेळी नको. तोवर एखादी आत शिरलेली असते. टॉर्च लावून भोकं बघा. जाळीला अंग टेकेल असं झोपू नका, सोंड जाळीतून पोचते. कीटकनाशकात बुडवलेली जाळी मिळाली तर उत्तमच. पंखा असेल तर तोही चालवा, डास मुळात कच्च्या उड्डाणाचे.

कपडे सैल, पूर्ण बाह्यांचे, फिकट. गर्द निळा आणि काळा रंग मसाईमारात आणखी एका कारणासाठी टाळावा: रक्त पिणारी त्सेत्से माशी या रंगांवर येते. तिला पकडायचे सापळेही याच रंगांच्या कापडाचे असतात. नवी कोरी जीन्स घालून जीपमध्ये बसलेल्यांना हे दुपारपर्यंत आपसूक कळतं. शेकोटीभोवती बसून बिअर घेणाऱ्यांसाठी एक बातमी: बुर्किना फासोत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिथली गावठी बिअर प्यायलेल्या माणसांकडे अ‍ॅनॉफिलीस जास्त ओढले गेले.

एवढं करूनही चावे बसतातच, म्हणून गोळ्या. फाल्सिपॅरमवर क्लोरोक्विन आता आफ्रिकेत चालत नाही, त्यामुळे 'गेल्या वेळच्या उरल्यात' म्हणून त्या नेऊ नका; साबुदाण्याच्या गोळ्या तर नकोतच. निवड डॉक्टरांची. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते, रोज घ्यायची आणि परतल्यावर सात दिवस चालू ठेवायची. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. तिने ऊन बाधतं, आणि गरोदर बायकांना व लहान मुलांना ती देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण कुणाकुणाला तिच्याने भयाण स्वप्नं पडतात, मन बिघडतं.

पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लशीच्या नोंदीचं पुस्तक वेगळं. केनियाहून परतताना भारतात ते दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. हा नुसता सरकारी हट्ट नाही. पीतज्वर पसरवणारा एडिस आपल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत मुबलक आहे, आणि हा आजार मात्र भारतात अजून आलेला नाही. एक आजारी प्रवासी पुरेसा ठरू शकतो. चिकुनगुनियाने ते करून दाखवलंय: २००४ मध्ये केनियाच्या लामू बेटावर उसळलेली साथ हिंदी महासागरातली बेटं घेत २००५-०६ मध्ये भारतात पोचली आणि महाराष्ट्रात गावंच्या गावं सांधे धरून बसली. मॅक्स थायलर यांना ज्या लशीसाठी १९५१ चं नोबेल मिळालं, तीच आजही टोचतात. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते, आणि २०१६ पासून एक डोस जन्मभरासाठी ग्राह्य आहे. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ती घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं. आपल्याकडच्या सफारी गटांत अर्धे तर साठीपुढचेच असतात.

आता परतल्यानंतरचं. डास चावल्यापासून डेंगीचा ताप बहुधा चार ते दहा दिवसांत येतो. मलेरियाला निदान सात दिवस लागतात, फाल्सिपॅरमला महिना-दोन महिनेही लागू शकतात. म्हणजे ताप येईल तो फोटो अपलोड करून, ऑफिसला लागून झाल्यावर, ऐन पावसाळ्यात, पुण्या-मुंबईत आधीच डेंगीचा हंगाम असताना. दवाखान्यात गेल्यावर समोरचा डॉक्टर साहजिकच गल्लीतला ताप समजणार. म्हणून लक्षणांच्याही आधी 'केनियाला जाऊन आलोय' हे वाक्य सांगा आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या. पहिली नकारात्मक आली आणि ताप हटला नाही, तर पुन्हा करा. फाल्सिपॅरम एक-दोन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत जातो. निदान होईस्तोवर पॅरासिटॅमॉलच घ्या. डेंगी निघाला तर अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनमुळे रक्तस्राव वाढू शकतो.

आणि बॅग उपसताना गोळ्यांचं पाकीट डबा-बाटल्यांबरोबर माळ्यावर टाकू नका. ते टूथब्रशशेजारी ठेवा, त्यात सात गोळ्या अजून शिल्लक असतील.